घरच्या जुन्या मोटारीची निगा
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी या संमेलनात चार शब्द बोलण्याविषयी आम्हांस विचारले, तेव्हा आमची अशी समजूत झाली की, नेहमीप्रमाणे मुलांचे शुद्धलेखन किंवा पालकांचे कर्तव्य यांपैकी एखादा विषय आमच्या वाट्यास येणार. मॅट्रिक आणि त्यावर शिक्षकाची सनद एवढीच ज्याची विद्या, आणि ज्याने सारा जन्म प्राथमिक शाळेत खडू झिजविण्यात घालविला, त्याजकडून दुसरी अपेक्षा कोण करील? परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, शुद्धलेखन पुढच्या वर्षी. यंदा तुमच्या त्या फियाटविषयी सांगा. आमच्याही घरी एक उभी आहे." हे शेवटचे वाक्य त्यांनी जरा खालच्या आवाजात उच्चारले, आणि तेवढ्यावरूनच आम्ही होकार दिला. कारण 'घरी एक उभी आहे' या चार शब्दांत काय काय दडलेले असते, ते आम्ही पुरते भोगले आहे.

आरंभीच कबूल केले पाहिजे की, आम्ही यंत्रज्ञ नव्हे. निवृत्त होईपर्यंत आमचे वाहन म्हणजे सायकल आणि हार्बरची लोकल. मोटार चालविण्याचा परवाना आम्ही अठ्ठावन्नाव्या वर्षी काढला, आणि तोही पहिल्या परीक्षेत नापास होऊन. ज्याने हजारो मुलांस पास-नापास केले, त्यास ही शिक्षा योग्यच होती. तेव्हा आज आम्ही जे सांगणार आहोत ते शास्त्र नव्हे. एका कुटुंबाच्या हातून झालेल्या चुकीची आणि तिच्या निस्तरणीची हकीकत आहे.

आमची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. कागदोपत्री नाव पद्मिनी असले, तरी आपल्यापैकी कोणी तिला त्या नावाने हाक मारीत नाही, ती फियाटच. हिचा जन्म मानखुर्दपासून हाकेच्या अंतरावर, कुर्ल्यास झालेला. सोलापूरचे उद्योगपती शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. या देशात मोटारी जोडल्या जात होत्या, नाही असे नाही. जनरल मोटर्सने आपल्या याच मुंबईत, शिवडीस, १९२८ पासून सुटे भाग आणून गाड्या जोडण्यास प्रारंभ केला होता. परंतु आपल्या माणसांच्या हातांनी आपली मोटार बनावी हा वालचंदांचा ध्यास. १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या, त्या अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९५१ मध्ये लहानगी पाचशे आणि १९५४ मध्ये अकराशे ही गाडी आली. वालचंद १९५३ सालीच निवर्तले होते. ज्या गाडीने त्यांच्या कारखान्याचे नाव घरोघरी नेले, ती त्यांना पाहावयास मिळाली नाही.

ही पहिली अकराशे म्हणजे आपल्या लोकांनी जिला प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हटले ती. तिचे पुढचे तोंड तसे होते खरे. तिची पुढची दारे उलट्या बाजूने उघडत. १९६४ साली 'डिलाइट' नावाची सुधारलेली गाडी निघाली, आणि तीच पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ च्या सुमारास चितोडच्या राणीच्या नावावरून पद्मिनी झाली. म्हणजे रूप थोडे थोडे बदलले, पण हाड तेच: १,०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे एंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा हाताचा गिअर, मागील बाजूस कमानीचे पाटे, आणि चारी चाकांस ड्रमचे ब्रेक. १९८३ साली मारुती येईपर्यंत सर्वसाधारण गृहस्थास ॲम्बेसेडर किंवा फियाट, फार तर मद्रासची स्टँडर्ड, एवढीच निवड होती, आणि त्यासाठीही नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. २००० सालाच्या आसपास पद्मिनीचे उत्पादन थांबले. कुर्ल्याच्या त्या जागेवर आता कोहिनूर सिटी नावाची वसाहत उभी आहे.

हे सारे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, त्या कारखान्यात आपल्या कित्येक घरांतील माणसे होती. आपला पूर्वापार धंदा ऐरण आणि भात्याचा. गावची ऐरण सोडून मुंबईस आलेल्या आपल्या वडिलांच्या पिढीस कुर्ल्याच्या पत्राकामाच्या खात्यात दुसरी ऐरण सापडली. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सर्वजण अण्णा म्हणत असू, त्याच खात्यात होते. वाकड्या पत्र्यावरून तळहात फिरवून ते डोळे मिटून सांगत, की येथे अर्धा दोरा उंच आहे. आम्हांस वाटे, हा काय चमत्कार! ते म्हणत, "अरे, तुला मुलाच्या अक्षरावरून घरची परिस्थिती कळते ना? तसेच हे."

१९८६ साली अण्णांनी स्वतःची पद्मिनी घेतली. दुधी रंगाची. मानखुर्दला आमचे बैठे घर. पुढे लहानसे अंगण. अंगणात पत्र्याची शेड घालून त्यांनी ती तेथे उभी केली. सव्वीस वर्षे त्यांनी ती स्वतःच्या हाताने राखली, आणि या सव्वीस वर्षांत तिने सर्वांत मोठे संकट पाहिले ते २६ जुलै २००५ चे. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. आमच्या अंगणात कमरेइतके पाणी चढले, आणि मोटारीच्या आसनांवरून गटाराचे पाणी वाहिले. घरात धान्य भिजले, पुस्तके भिजली. परंतु पाणी ओसरताच, दुसऱ्याच दिवशी, अण्णांनी धोतराचा काचा मारला आणि गाडी उघडी केली. आसने बाहेर, गालिचे बाहेर, चारी दारांचे आतले पत्रे बाहेर. दारांच्या पोटात साचलेला चिखल त्यांनी चमच्याने काढला. प्लग काढून सिलिंडरांत तेल सोडले, टाकी रिकामी करून धुतली, ब्रेकचे सर्व ड्रम उघडले. गोड्या पाण्याने सर्व धुऊन, उन्हाची तिरीप आली की गाडी तिच्याकडे वळवून, तीन आठवडे वाळविली. आणि ती चालली! शेजाऱ्यांच्या नव्या गाड्या भंगारात गेल्या, आणि आमची एकोणीस वर्षांची म्हातारी गणपतीला आरास आणावयास निघाली.

२०१२ साली अण्णा गेले.

त्यानंतर आम्ही जे केले ते आपणांस नीट सांगितले पाहिजे, कारण चिटणीसांच्या घरी जी एक उभी आहे तिच्या बाबतीतही बहुधा तेच चालले असेल. आम्ही ती झाकली. उत्तम निळी ताडपत्री आणली, गाडी चहूबाजूंनी गुंडाळली, दोरीने आवळली. कोणी तिला हात लावावयाचा नाही, हे न बोलता ठरले. अण्णांची वस्तू! आम्हांस मोटार चालविता येत नव्हती. पुतण्या बँकेत, त्यास वेळ नव्हता. आणि वहिनींस तिच्याकडे पाहवत नव्हते. दर दसऱ्यास आम्ही ताडपत्रीवरूनच तिला झेंडूची माळ घालीत असू. सहा दसरे असे गेले.

२०१८ साली आम्ही निवृत्त झालो आणि मोकळ्या वेळी पहिले काम म्हणून ताडपत्री सोडली. आतून जो वास आला तो वर्णन करण्यासारखा नाही. चारी चाके जमिनीस टेकलेली. मागच्या आसनात उंदरांची दोन बिऱ्हाडे. ब्रेक ड्रमांस घट्ट चिकटलेले. टाकीतील पेट्रोलचे वार्निशासारखे चिकट द्रव्य झालेले. आणि चालकाचा पाय जेथे ठेवावयाचा तेथील गालिचा उचलला, तो खाली अंगणाची फरशी दिसली. जी गाडी महापुरात मेली नाही, ती कोरड्या शेडमध्ये, आमच्या डोळ्यांदेखत, माळा घालून घेत मेली होती.

याची उपपत्ती आम्ही पुढे शिकलो, ती येथेच सांगतो. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढतो, हे आम्ही चौथीच्या वर्गात शिकवीत असू. त्यात मीठ मिसळले की गंजाचा वेग पुष्कळच वाढतो. मानखुर्द म्हणजे ठाण्याच्या खाडीचा काठ; बाजूस मिठागरांची भूमी; वारा येतो तो खारटच. हा दमट वारा ताडपत्रीच्या खालून आत शिरतो, रात्री गार पत्र्यावर त्याचे दव होते, आणि सकाळी ते उडून जावयास वाट नसते. ओले कपडे ट्रंकेत कोंबून वर कुलूप लावावे, त्यातला हा प्रकार. उघड्यावर उभी असलेली गाडी पावसात भिजते खरी, पण वाळते तरी. आमची सहा वर्षे वाळलीच नाही. झाकून ठेवणे निराळे आणि जपणे निराळे, हे कळावयास आम्हांस मास्तरकीची सारी कारकीर्द पुरली नव्हती.

भंगारवाला आला. पद्मिनीचे वजन सुमारे नऊशे किलो. त्याने त्या हिशेबाने भाव सांगितला. पुतण्याचे मत देऊन टाकावी असे. त्याचेही चूक नव्हते. जागा अडते, खर्च आहे, आणि बापाची वस्तू सडताना रोज पाहण्यापेक्षा एकदाच डोळ्यांआड झालेली बरी, असे त्यास वाटले असल्यास आम्ही दोष देत नाही. वहिनी काही बोलल्या नाहीत. आम्ही मात्र ऐकले नाही आणि गाडी एका गॅरेजात दिली. ते गॅरेज कोणते हे सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांनी दोन महिने ठेवून घेतली, एंजिन चालू करून दिले, चाके-ब्रेक मोकळे केले, आणि वर असा काही झगझगीत रंग दिला की, आम्ही पेढे वाटले. साठ हजार रुपये मोजले.

पुढच्या पावसाळ्यानंतर, म्हणजे २०१९ च्या दिवाळीत, अंगणातच एक चाक पंक्चर झाले. पुतण्याने जॅक लावला. दारांखालून जी लांब पोकळ पेटी जाते, जिला कारागीर सिल म्हणतात, तिच्याखाली जॅक लावून तो फिरवू लागला. गाडी उचलली जाण्याऐवजी जॅकच वर वर जाऊ लागला, आणि एकदम 'कर्र' असा आवाज होऊन पेटीत शिरला. खाली ढलपे पडले ते पत्र्याचे नव्हते, लांबीचे होते. भिंतीची भोके बुजवावयास रंगारी जी वापरतात त्याच जातीची लांबी! गंजलेल्या भोकांत कागद व जाळी कोंबून, वर लांबी थापून, त्यावर तो झगझगीत रंग दिलेला होता. पुतण्या जॅकचा दांडा खाली ठेवून म्हणाला, "काका, आता पुरे करा." आम्हांसही पुरे वाटले. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, पुराच्या दुसऱ्या दिवशी यांनी गाडी उघडी केली होती. आपण झाकली. आता तरी उघडी करा." एवढे बोलून त्या आत गेल्या आणि अण्णांच्या हत्यारांचे गाठोडे घेऊन आल्या. पत्र्याच्या हातोड्या, डॉल्या, कानशी, छिन्न्या. खंडेनवमीस हत्यारे पुजण्यापूर्वी त्या दरवर्षी ती पुसून, तेल लावून ठेवीत. त्या हत्यारांवर गंजाचा ठिपका नव्हता.

अण्णांबरोबर काम केलेले एक वृद्ध ज्ञातिबंधू कुर्ल्यास राहतात. त्यांचे नाव घेतलेले त्यांस रुचणार नाही. आपण मिस्त्री म्हणू. वय अठ्ठ्याहत्तर, हात थरथरणारा, पण कान शाबूत. ते आले, आणि त्यांनी बोटाच्या पेराने गाडी ठोकीत एक प्रदक्षिणा घातली, जणू मडके पारखीत आहेत. खणखणीत आवाज आला की पुढे. बद्द आवाज आला की खडूची खूण. तासाभरात सारी गाडी खडूने भरली. मग ते म्हणाले, "गुरुजी, ट्रकला खाली चासी असते, वरचे खोके सडले तरी ट्रक चालतो. हिला निराळी चासी नाही. हे खोके हीच चासी. दाराखालची पेटी गेली म्हणजे गाडीची कंबर गेली."

मंडळी, घरी जुनी मोटार दुरुस्त करावयास निघालेल्या गृहस्थाने दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी ही कंबर लक्षात ठेवावी. रंग, चकाकणारे बंपर, आसनांची नवी कापडे, ही सर्व शेवटची कामे. आणि आम्ही नेमकी तीच पहिल्याने करून घेतली होती. पेटी कापण्याचीही रीत आहे. गाडी जॅकवर लोंबकळत ठेवून पेटी कापली तर खोके मधोमध वाकते, आणि मग नवी पेटी कितीही सुबक बसविली तरी दारे जन्मात लागत नाहीत. मिस्त्रींनी प्रथम गाडी सपाट जमिनीवर चाकांवर उभी केली, दारे लावून दार आणि खांब यांमधील फट कागदाच्या घड्या घालून मोजली, ती आम्ही वहीत लिहिली. मग आतून खांबास खांब आडव्या लोखंडी नळ्यांनी जखडले. त्यानंतरच छिन्नी लावली. आणि तीही एका वेळी एकाच बाजूस. बॅटरी सोडणे आणि पेट्रोलची टाकी काढून घराबाहेर दूर ठेवणे, हे वेल्डिंगच्या आधीचे काम. त्यात हयगय करणाऱ्याने ही विद्या शिकू नये.

पत्रा वीस गेजचा, म्हणजे मिलिमीटरहूनही किंचित पातळ. साध्या विजेच्या वेल्डिंगने तो जळून भोक पडते. म्हणून सीओटू वेल्डिंगचे यंत्र भाड्याने आणले. मिस्त्रींचा हात थरथरत असल्यामुळे ठिपके त्यांस मारता येईनात. ते पुतण्यास म्हणाले, "तू धर. बापाने मला शिकवले नाही, मी बापाला शिकवले होते. तेव्हा तुला शिकवण्याचा मला हक्क आहे." पुतण्याने काच लावली आणि पहिला ठिपका मारला. तो जळाला. दुसराही जळाला. भंगार पत्र्यावर चार रविवार हात बसविल्यावर पाचव्या रविवारी त्यास गाडीस हात लावू दिला. एक ठिपका येथे, तर दुसरा हातभर दूर. सलग रेघ ओढली तर पत्रा तापून सुरकुततो. जानेवारी ते मार्च २०२० एवढ्या काळात डावी पेटी आणि चालकाच्या पायाखालचा तळ झाला. मग टाळेबंदी आली. मिस्त्री कुर्ल्यास अडकले, आम्ही मानखुर्दला, आणि गाडी नळ्यांनी जखडलेली, एका कमरेवर.

त्या टाळेबंदीत एंजिन आम्ही स्वतः हाती घेतले. मिस्त्री फोनवरून सांगत आणि नात आमची कारकून. कोणताही भाग काढला की तो पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, आणि वहीत चित्र. ही शिस्त मात्र आमची, मिस्त्रींची नव्हे. एंजिनाचे डोके उतरवून झडपा काढल्या, त्यांच्या कडेस कार्बोरंडमचा मलम लावून, काठीच्या टोकाच्या रबरी वाटीने धरून, दोन्ही तळहातांत रवी घुसळावी तशा फिरवून घासल्या. कडेवर अखंड राखाडी वर्तुळ उमटले की झडप बसली. ही क्रिया लहान मुलीलाही जमते. आमच्या नातीच्या झडपा आमच्यापेक्षा चांगल्या बसल्या. कार्ब्युरेटरच्या बाबतीत मात्र आम्ही अक्कल चालविली. जेटच्या बारीक छिद्रात कचरा दिसला, तो आम्ही टाचणीने कोरून काढला. जेट मऊ पितळेचे. छिद्र केसभर मोठे झाले. आणि पुढे गाडी काळा धूर ओकू लागली तेव्हा कारण सापडावयास तीन आठवडे गेले. जेट फुंकून साफ करावे, कोरू नये. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटांची फट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी असावी आणि ती फीलर पात्याने मोजावी. नजरेचा अंदाज येथे चालत नाही. सुटे भाग मिळत नाहीत अशी आवई आहे. ती तितकीशी खरी नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या भागांची दुकाने आहेत, तेथे धीराने हिंडावे. रबराचे भाग मात्र जुने घेऊ नयेत, मग ते कितीही नवे दिसोत.

वर्षअखेरीस मिस्त्री पुन्हा आले, उजवी पेटी झाली, नळ्या सोडल्या, आणि सर्वांनी श्वास रोखून दारे लावली. चारांपैकी तीन लागली. चौथ्याची हकीकत शेवटी.

कागदपत्रांविषयी थोडे, कारण पुष्कळ गाड्या गंजाने नव्हे तर कागदाने मरतात. मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. आमची २०१६ सालीच संपली होती, आणि गाडी तर दिवंगताच्या नावावर. प्रथम नमुना ३१ भरून ती वारसाच्या, म्हणजे वहिनींच्या नावावर केली. मग नमुना २५ भरून, दंड व पर्यावरण कर भरून, २०२१ साली वडाळ्यास तपासणीस नेली. पीयूसीच्या यंत्रावर या वयाच्या गाडीस कार्बन मोनॉक्साइड शेकडा तीनच्या आत हवा. आमचा त्या टाचणीच्या प्रतापाने पहिल्यांदा बाहेर गेला, नवे जेट घातल्यावर आत आला. पुढे एप्रिल २०२२ पासून ही फी पाच हजार झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींस दहा हजार. ज्यांच्या गाड्या पन्नास वर्षांहून जुन्या आहेत त्यांच्यासाठी २०२१ साली सरकारने 'विंटेज' अशी निराळी नोंदणी काढली आहे. परंतु तशी गाडी रोजच्या वापरास काढता येत नाही. आमची त्या मानास २०३६ साली पोचेल. तोवर ती सामान्य नागरिकच.

आता निगा. पावसाळ्यापूर्वी दारांच्या आणि पेट्यांच्या तळाची लहान छिद्रे तारेने मोकळी करावीत. दारात पाणी शिरणारच, ते बाहेर गेले पाहिजे. काचेखालच्या खाचेत झाडाची पाने कुजतात, ती काढावीत. पेट्यांच्या पोटात मेण मिसळलेले तेल फवारावे. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. अलीकडे पेट्रोलमध्ये शेकडा वीस इथेनॉल असते. त्याने जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा बिघडतो, आणि उभ्या गाडीच्या टाकीत ते ओल धरते. तेव्हा नळ्या या पेट्रोलास चालणाऱ्या घालाव्यात आणि टाकीत महिनोन्महिने पेट्रोल साठवू नये. आणि गाडी आठवड्यातून एकदा चालवावीच. नुसती जागेवर पाच मिनिटे सुरू करून बंद करणे हे न करण्यापेक्षा वाईट. एंजिन तापत नाही, आणि धुरातील पाणी सायलेन्सरात साचून तो आतून कुजतो. आम्ही दर रविवारी पहाटे खाडीचा पूल ओलांडून वाशीस जातो व परत येतो. ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या गाड्यांस तेथे टोल नाही, ही मास्तराच्या पेन्शनवर सरकारची कृपा. आता तिच्यावर ताडपत्री नाही. सुती चादर असते, आणि तीही दुपारी काढतो.

खर्च विचाराल, तर गॅरेजचे साठ हजार धरून एक लाख पंच्याऐंशी हजार झाला. तेवढ्यात एखादी बरी जुनी मारुती आली असती. हिशेबाने पाहता हा व्यवहार मूर्खपणाचा आहे, हे पुतण्याचे म्हणणे आम्ही खोडून काढीत नाही. त्याचे मत अद्याप पुरते बदललेले नाही. जागा अडते हे तो आजही म्हणतो. मात्र वेल्डिंगची काच त्याने स्वतःच्या पैशाने घेतली आहे.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे निघून गेली. वर्तमानपत्रांत मोठे लेख आले, छायाचित्रे आली. मिस्त्रींनी ते वाचून विचारले, "गाडीचे फोटो आहेत. पत्रा ठोकणाराचा एकही कसा नाही?" आपल्या मंडळाकडे सभासदांची यादी आहे, वधूवरांची यादी आहे, गुणवंत विद्यार्थ्यांची आहे. कुर्ल्याच्या, आणि इतर कारखान्यांच्या, पत्राकामातून निवृत्त झालेल्या ज्ञातिबंधूंची यादी चिटणीसांनी करावी, अशी आमची सूचना आहे. त्यांपैकी बहुतेक सत्तरीच्या पुढे आहेत, म्हणून ती पुढील संमेलनापर्यंत थांबवू नये.

राहता राहिले चौथे दार. डावीकडील मागचे. ते वरच्या कोपऱ्यात एक दोरा बाहेर राहते, आणि पावसात तेथून पाणी गळते. वहिनी नेमक्या त्याच जागी बसतात आणि मांडीवर टॉवेल घेऊन बसतात. दुसरीकडे बसा म्हटले तर ऐकत नाहीत. मिस्त्रींचे मत बिजागरी झिजली आहे असे. कोणाच्या माळ्यावर पद्मिनीच्या डाव्या मागील दाराची बिजागरी पडून असेल, तर कृपा करून चहाच्या वेळी आम्हांस गाठावे. योग्य किंमत देऊ. आणि चिटणीससाहेब, येत्या रविवारी मिस्त्रींस घेऊन आम्ही आपल्या घरी येत आहोत. येण्यापूर्वी ताडपत्री तेवढी सोडून ठेवा.